एलच्या उजव्या हाताची कळ

माद्रिदमधल्या एखाद्या कार्यालयातला कळफलक पाहिला, तर मधल्या ओळीत ‘एल’च्या उजव्या हाताला एक निराळं अक्षर दिसतं. भारतातल्या नेहमीच्या कळफलकावर त्या जागी अर्धविरामाची कळ असते. स्पेनमध्ये तिथे रोमन ‘एन’ बसलेला आहे आणि त्याच्या डोक्यावर एक छोटी नागमोडी रेघ. या अक्षराचं नाव एन्ये. उच्चार आपल्या ‘ञ’च्या अगदी जवळचा. स्पॅनिश वर्णमालेत २७ अक्षरं आहेत. त्यांतली २६ इंग्रजीतही आहेत, उरलेलं एक हे.

१९९१ साली ही कळ जायची वेळ आली होती. ती वाचवायला भाषेची अकादमी, लेखक आणि शेवटी सरकारही मैदानात उतरलं. पण एन्येच्या जागेचा प्रश्न काही तेव्हाच पहिल्यांदा आला नव्हता. चर्मपत्र, टाइपरायटर, तारायंत्र, संगणक, मोबाइल. लिहिण्याचं साधन बदललं की त्यात कोणकोणत्या अक्षरांना जागा द्यायची हे कुणीतरी बसून ठरवतं. गेल्या दीडशे वर्षांत हे ठरवणारे बहुतेक वेळा स्पॅनिश लिहिणारे नव्हते. त्यामुळे एन्ये, स्वरांवरच्या तिरक्या रेघा आणि उलटी प्रश्नचिन्हं आज ज्या सहजतेने पडद्यावर उमटतात, ती सहजता भांडून मिळवलेली आहे.

एन्येचा जन्म काटकसरीतून झाला. मध्ययुगातल्या मठांमध्ये लॅटिन ग्रंथांच्या नकला करणाऱ्या लेखनिकांना चर्मपत्र महाग पडे. म्हणून शब्दातला ‘एन’ किंवा ‘एम’ गाळून शेजारच्या अक्षरावर एक आडवी रेघ ओढायची सोय त्यांनी केली होती. देवनागरीत अनुस्वाराचं टिंब जे काम करतं, साधारण तेच ही रेघ करी. लॅटिनमध्ये वर्षाला ‘आन्नुस’ म्हणत. त्यात दोन ‘एन’ लागोपाठ येतात. लेखनिक एक ‘एन’ लिही आणि दुसऱ्याची रेघ करून पहिल्याच्या डोक्यावर ठेवी. पुढे इबेरियातली बोली बदलत गेली, ‘न्न’चा उच्चार ‘न्य’कडे झुकला आणि ‘आन्नुस’चा कास्तिलियन भाषेत ‘आन्यो’ झाला. रेघ जागची हलली नाही, तिचा अर्थ तेवढा बदलला. आधी ती गाळलेलं अक्षर दाखवत होती, आता वेगळा ध्वनी दाखवू लागली.

शेजारच्या भाषांनी त्याच ध्वनीसाठी आपापल्या वाटा काढल्या. इटालियन आणि फ्रेंच लोकांनी ‘जी’ आणि ‘एन’ची जोडी घेतली, कोन्याक दारूच्या नावात तो मुका ‘जी’ आजही आहे. कातालान भाषेने ‘एन’पुढे ‘वाय’ ठेवला. पोर्तुगीजांनी ‘एन’पुढे ‘एच’ लावला. गोव्यातलं नोरोन्या हे आडनाव मराठीत ‘नोरोन्हा’ असं लिहिलं जातं, ते या ‘एच’मुळेच, मूळ पोर्तुगीज उच्चारात तिथे ‘ह’ नाहीच, ‘न्य’ आहे. एका ध्वनीला एकच अक्षर ही वाट या चौघांपैकी कुणी धरली नाही. ती कास्तिलियनने धरली.

तेराव्या शतकात राजा दहावा अल्फोन्सो याने कायदा, इतिहास आणि खगोलशास्त्र यांवरचे ग्रंथ लॅटिनऐवजी कास्तिलियनमध्ये लिहून घ्यायला सुरुवात केली. राजदरबारातून बाहेर पडणाऱ्या या पोथ्यांमुळे लेखनाला शिस्त आली आणि ‘न्य’साठी रेघेचा ‘एन’ रूढ होत गेला. १४९२ साली आन्तोनियो दे नेब्रिहाने कास्तिलियन भाषेचं पहिलं छापील व्याकरण प्रसिद्ध केलं, त्यात या ध्वनीचा स्वतंत्र विचार आहे. १७१३ मध्ये स्पॅनिश राजअकादमी स्थापन झाली आणि लेखनाचे नियम ठरवण्याचं काम एका संस्थेकडे आलं.

अकादमीच्या १७५४ सालच्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात आणखी एक निर्णय झाला. स्पॅनिशमध्ये विधान आणि प्रश्न यांची शब्दरचना पुष्कळदा एकसारखीच असते. लांबलचक वाक्य मोठ्याने वाचताना शेवटच्या चिन्हापाशी पोचल्यावर वाचकाला कळतं की हा प्रश्न होता, आणि तोवर आवाजाची चढण हुकलेली असते. म्हणून प्रश्नाच्या सुरुवातीलाही चिन्ह द्यायचं ठरलं, उलटं करून: ¿. उद्गारचिन्हाचंही तसंच झालं: ¡. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी एका भाषेने केलेली ही सुधारणा पुढच्या काळात लिहिणाऱ्याच्या यंत्रात बसवायची होती.

स्वरांवरची तिरकी रेघ हा तिसरा भाग. शब्दात आघात कुठे पडतो ते ती सांगते. ‘पापा’ या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर असेल तर लॅटिन अमेरिकेत त्याचा अर्थ बटाटा. शेवटच्या ‘आ’वर रेघ दिली की अर्थ बाबा. बोलणे या क्रियापदाचं एकच रूप रेघेशिवाय ‘मी बोलतो’ आणि रेघेसह ‘तो बोलला’ असं होतं. आणि ‘आन्यो’वरची नागमोडी रेघ गेली, तर वर्षाचं गुदद्वार होतं. स्पॅनिशमध्ये वय सांगताना ‘मला तीस वर्षं आहेत’ अशीच वाक्यरचना करतात, तेव्हा वयाच्या रकान्यातली चूक किती लाजिरवाणी असेल ते सांगायला नको. दर्या आणि दऱ्या यांतला फरक जपणाऱ्या मराठी वाचकाला हे पटेल. या खुणा शोभेच्या नाहीत, त्या शब्दाचा भाग आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेला टाइपरायटर इंग्रजीच्या मापाने बेतलेला होता. तो स्पॅनिश जगात आला तेव्हा कारागिरांपुढे दोन प्रश्न होते. एन्येचं उत्तर सरळ होतं: तिला एक पूर्ण कळ द्यायची. ती ‘एल’च्या शेजारी बसली. बार्सिलोनात १९२९ साली स्थापन झालेल्या हिस्पानो ऑलिव्हेत्तीसारख्या कंपन्यांची यंत्रं घराघरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत पोचली, तशी ती जागा बोटांना पाठ झाली.

स्वरांचा प्रश्न अवघड होता. रेघेचे पाच स्वर, शिवाय दोन टिंबांचा ‘ऊ’, एवढ्यांना वेगळ्या कळा द्यायच्या तर यंत्रात जागाच नव्हती. यावर जी युक्ती निघाली तिला स्पॅनिशमध्ये ‘टेक्ला मुएर्ता’ म्हणतात, म्हणजे मृत कळ. टाइपरायटरची कळ दाबली की दांडी उसळून कागदावर ठसा उमटतो आणि त्याच झटक्याने कागदाचा गाडा एक घर सरकतो. मृत कळेची दांडी गाड्याच्या त्या यंत्रणेशी जोडलेलीच नसते. तिरकी रेघ कागदावर उमटते, गाडा मात्र जागेवरच राहतो. मग स्वराची कळ दाबली की स्वर नेमका त्या रेघेखाली येतो आणि गाडा पुढे जातो. एका कळेत पाचही स्वरांची सोय झाली.

या युक्तीने लिहिण्याचा क्रम उलटा केला. हाताने लिहिणारा आधी ‘आ’ काढतो आणि मग त्यावर रेघ मारतो. टाइपरायटरवाला आधी रेघ मारतो आणि मग स्वर आणतो. संगणकाला गाडा नाही, दांड्या नाहीत, सरकण्याचं बंधन नाही. तरीही स्पॅनिश कळफलकावर आजही आधी रेघेची कळ दाबतात. पडद्यावर काहीच उमटत नाही. नंतर स्वर दाबला की दोन्ही एकत्र दिसतात. यंत्र गेलं तरी बोटांची ही सवय तीन-चार पिढ्या टिकून आहे.

टाइपरायटरने एक नुकसानही केलं. मृत कळेची रेघ लहान अक्षरांच्या उंचीला बेतलेली असे. कॅपिटल अक्षर उंच, त्यामुळे रेघ त्याच्या अंगावरच पडे आणि दोन्ही बरबटत. छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांनाही कॅपिटलवरची रेघ अडचणीचीच होती. लोकांनी कॅपिटलवरची रेघ सोडून दिली आणि हळूहळू हीच रीत आहे असा समज पसरला. शाळांतूनही तसंच सांगितलं गेलं. राजअकादमीने असा नियम कधीही केलेला नव्हता, हे तिला आजही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

तारायंत्रात एन्येला बरी वागणूक मिळाली. मोर्स लिपीत तिच्यासाठी स्वतंत्र खूण ठरली: दोन लांब, एक आखूड, पुन्हा दोन लांब. दुसऱ्या बाजूला, कळफलक ही राज्याने लक्ष घालण्याची बाब आहे हे शेजारच्या पोर्तुगालने १९३७ सालीच दाखवून दिलं होतं. सालाझारच्या राजवटीत तिथे टाइपरायटरच्या कळांची स्वतंत्र राष्ट्रीय मांडणी ठरवण्यात आली.

खरी कोंडी संगणकाने केली. १९६३ साली अमेरिकेत आस्की ही संकेतावली ठरली. प्रत्येक अक्षराला सात बिटांचा एक आकडा, म्हणजे एकूण १२८ जागा. त्यांतल्या ३३ यंत्राला आज्ञा देण्यासाठी, उरलेल्या ९५ मध्ये इंग्रजी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं. आखणाऱ्यांनी इतर भाषांचा विचार केलाच नव्हता असं नाही. नागमोडी रेघ, टोपी, तिरकी रेघ ही चिन्हं सुटी दिलेली होती. ‘एन’ छापायचा, एक घर मागे यायचं आणि त्यावर ~ छापायचं, अशी ती योजना. कागदावर छापणाऱ्या यंत्रात ती चालली. पडद्यावर मात्र दुसरं चिन्ह आलं की पहिलं पुसलं जाई. ‘एन’ जाई आणि रेघ एकटी उरे.

मग आंतरराष्ट्रीय मानकाने प्रत्येक देशाला काही जागा बदलून घ्यायची मुभा दिली. स्पॅनिश आवृत्तीत उलट्या तिरक्या दांडीच्या जागी कॅपिटल एन्ये आली, उभ्या दांडीच्या जागी लहान एन्ये, आणि चौकोनी कंसांच्या जागी उलटी उद्गार व प्रश्नचिन्हं. अक्षरं मिळाली, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली. चौकोनी कंस आणि उभी दांडी यांच्याशिवाय सी भाषेतला कोड लिहिता येत नाही. स्पॅनिश पडद्यावर तोच कोड ¡ आणि ¿ यांच्या मध्ये अडकलेला दिसे आणि दांडीच्या ठिकाणी एन्ये उगवे. आपली भाषा नीट लिहायची की यंत्राची, यांतली एकच निवड करता येत होती. पाचही स्वरांवरच्या रेघांना तर त्या आवृत्तीत जागाच उरली नव्हती.

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ मध्ये आला, तेव्हा जागा दुप्पट झाली होती: २५६. त्याच्या अक्षरसंचात लहान एन्येला १६४ आणि कॅपिटल एन्येला १६५ हा क्रमांक मिळाला. रेघेचे पाचही लहान स्वर होते, उलटी चिन्हंही होती. कळफलक अमेरिकन असला तरी ऑल्ट कळ दाबून धरायची, उजवीकडच्या अंकांवर १६४ टिपायचं आणि बोट सोडायचं, की एन्ये हजर. स्पॅनिश आडनावं आणि पारान्याके, लास पिन्यास यांसारखी गावांची नावं बाळगणाऱ्या फिलिपिन्समध्ये कळफलक अमेरिकन धर्तीचाच आहे. तिथे १६४ आणि १६५ हे आकडे आजही लोकांच्या तोंडी आहेत.

त्या संचात कॅपिटल स्वरांपैकी मात्र रेघेचा ‘ए’ एकटाच होता. ‘आ’, ‘ई’, ‘ओ’, ‘ऊ’ यांच्या कॅपिटलवर रेघ देणं अशक्य होतं. टाइपरायटरने लावलेली चुकीची सवय संगणकाने पक्की केली. १९८७ मध्ये डॉसच्या ३.३ या आवृत्तीबरोबर नवा संच आला, त्यात हे चारही स्वर बसले. त्याच साली पश्चिम युरोपच्या भाषांसाठी आंतरराष्ट्रीय मानकही ठरलं. त्यात लहान एन्येचा क्रमांक २४१. विंडोजने तोच उचलला, म्हणून विंडोजवर ऑल्टसह ०२४१ टिपलं तरी एन्येच येते. पुढचं शून्य सांगतं की नवा तक्ता पाहा. शून्य नसेल तर यंत्र जुन्या डॉसच्या तक्त्यात पाहतं. एकाच अक्षराचे दोन आकडे लोक पाठ करत राहिले, त्यामागचं कारण हे.

१९९१ सालचा वाद या पार्श्वभूमीवर पेटला. स्पेनने ऐंशीच्या दशकाच्या मध्यात असे नियम केले होते की स्पॅनिश लेखनाची सगळी चिन्हं नसलेली यंत्रं देशात विकता येऊ नयेत. १ जानेवारी १९८६ रोजी स्पेन युरोपीय आर्थिक समुदायाचा सदस्य झाला. समुदायाच्या दृष्टीने वस्तूंचा व्यापार सगळीकडे सारख्या अटींवर व्हायला हवा होता, आणि एन्येची सक्ती म्हणजे परदेशी मालाला आडकाठी. एकच कळफलक सगळ्या युरोपात विकता आला तर उत्पादकांचा खर्चही वाचणार होता. हे नियम मागे घ्यावेत असा दबाव आला.

स्पेनमध्ये संताप उसळला. राजअकादमीने आपल्या अहवालात हा अधिकृत भाषेवरचा गंभीर हल्ला असल्याचं म्हटलं. कोलंबियाचे नोबेलविजेते कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी तिखट शब्दांत निषेध केला. त्यांचा मुद्दा नेमका होता: एन्ये हा कालबाह्य अवशेष नव्हे. इतर भाषा ज्या ध्वनीसाठी अजून दोन अक्षरं खर्च करतात, तो स्पॅनिशने एका अक्षरात बसवला, ही तिची पुढची उडी आहे. बोलणारा कोलंबियाचा होता हेही महत्त्वाचं. कळफलकाचा निर्णय ब्रसेल्स आणि माद्रिदमध्ये होणार होता, पण ते अक्षर अटलांटिकपलीकडच्या कोट्यवधी लोकांचंही होतं. गालिसियन आणि बास्क, तसंच दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ आणि ग्वारानी या भाषाही एन्ये वापरतात.

सरकारने २३ एप्रिलच्या ग्रंथदिनाच्या आठवडाभर आधी उत्तर दिलं. १६ एप्रिल १९९३ च्या राजाज्ञेनुसार स्पेनमध्ये विकल्या जाणाऱ्या, लिहिण्यासाठी, छापण्यासाठी किंवा माहिती पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक यांत्रिक, विद्युत वा इलेक्ट्रॉनिक उपकरणात एन्ये आणि प्रश्न व उद्गार सुरू करणारी चिन्हं असणं बंधनकारक झालं. आधार घेतला होता मास्ट्रिख्त करारातल्या सांस्कृतिक तरतुदींचा. ज्या युरोपीय एकीकरणाच्या नावाने कळ काढायला सांगितलं जात होतं, त्याच एकीकरणाच्या दस्तऐवजाने ती वाचवली.

त्यानंतर या अक्षराची प्रतिष्ठा वाढली. स्पॅनिश भाषेच्या प्रसारासाठी १९९१ मध्येच स्थापन झालेल्या सेर्व्हान्तेस संस्थेच्या बोधचिन्हात एन्ये आहे. १९९६ साली अर्जेंटिनाच्या कवयित्री मारिया एलेना वाल्श यांनी तिच्या बाजूने ‘ला नासिओन’ दैनिकात लिहिलेला लेख स्पॅनिश जगभर वाचला गेला. ‘एन्येसुद्धा माणूसच आहे’ अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. सीएनएनच्या स्पॅनिश वाहिनीने आपल्या नावातल्या दोन ‘एन’वर एकच नागमोडी रेघ ओढली. मठातल्या लेखनिकाने जोड ‘एन’वर हेच केलं होतं. २००३ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या ‘क्लारिन’ दैनिकाने सांस्कृतिक साप्ताहिक काढलं, त्याचं नावच एन्ये.

याच काळात दोन जुने मानकरी मात्र वर्णमालेतून गेले. ‘सी-एच’ ही जोडी ‘च’साठी आणि ‘एल-एल’ ही जोडी ‘ल्य’साठी, अकादमीच्या १८०३ सालच्या शब्दकोशापासून दोन्हींना स्वतंत्र अक्षरांचा मान होता. शब्दकोशात ‘सी’चा विभाग संपला की ‘सी-एच’चा वेगळा विभाग सुरू होई. पण संगणकाच्या लेखी ती दोन सुटी अक्षरं. वर्णक्रम लावणाऱ्या प्रोग्रॅमला हा मान शिकवावा लागे. विंडोजमध्ये कित्येक वर्षं स्पॅनिशसाठी ‘पारंपरिक क्रम’ आणि ‘आधुनिक क्रम’ असे दोन पर्याय होते. १९९४ मध्ये माद्रिदला भरलेल्या स्पॅनिश भाषेच्या अकादमींच्या परिषदेने आंतरराष्ट्रीय संस्थांच्या विनंतीवरून हे स्वतंत्र विभाग मोडले आणि २०१० च्या शुद्धलेखन ग्रंथाने वर्णमालेतूनही त्यांचं नाव काढलं. एन्ये मात्र ‘एन’नंतर आपल्या जागी कायम राहिली. ती एका ठशाची, एका कळेची आणि एका आकड्याची होती.

कळ वाचली तरी तिने पाठवलेलं अक्षर दुसऱ्या टोकाला पोचत होतं असं नाही. ई-मेलची मूळ यंत्रणा सात बिटांचीच होती. एन्येचा आकडा २४१. वाटेतल्या एखाद्या संगणकाने आठवा बिट कापला की २४१ तून १२८ वजा होऊन ११३ उरत, आणि ११३ हा लहान ‘क्यू’चा आकडा. ‘एस्पान्या’ असं लिहून धाडलेल्या पत्रात एन्येच्या जागी ‘क्यू’ येऊन पडे. त्याच गणिताने रेघेच्या ‘ए’चा ‘आय’ होई आणि रेघेच्या ‘ओ’चा ‘एस’. १९९२ साली माइम नावाचं मानक आलं आणि आठ बिटांची अक्षरं वेष्टनात बांधून पाठवायची सोय झाली, पण जुन्या प्रोग्रॅमना ते वेष्टन सोडता येत नसे. मग अक्षराऐवजी बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे एक विचित्र संकेत दिसे.

लोकांनी आपापले उपाय काढले. कुणी ‘एन’पुढे सुटी नागमोडी रेघ टाकली, कुणी कातालानसारखा ‘वाय’ लावला, कुणी ‘आन्यो’ लिहायला ‘एन’पुढे ‘आय’ घातला. डेटाबेसच्या रकान्यांना नावं देताना स्पॅनिश प्रोग्रॅमर हा शेवटचा उपाय आजही वापरतात. काहींनी सरळ दोन ‘एन’ लिहिले आणि हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिनपाशी जाऊन पोचले.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये, वाद पेटला त्याच साली, प्रसिद्ध झाली. त्यात एन्येचा क्रमांक २४१ च राहिला. या आकड्याशी मराठीचाही एक धागा जोडलेला आहे. संस्कृत रोमन लिपीत कसं लिहावं याचा संकेत प्राच्यविद्या परिषदेच्या १८९४ सालच्या जिनिव्हा अधिवेशनात ठरला, आणि त्यातून घडलेल्या पद्धतीत ‘ञ’साठी एन्येचंच चिन्ह वापरतात. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत कोशातही ‘ञ’साठी तेच आहे. त्यामुळे जगातला कुणी अभ्यासक ज्ञानेश्वरांचं नाव शास्त्रीय रोमन लेखनात टिपतो, तेव्हा ‘ज्ञ’मधल्या ‘ञ’साठी तो स्पेनच्या त्या कळेवरचंच अक्षर वापरत असतो.

युनिकोडनेही लगेच सगळं सुरळीत झालं नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत एन्ये दोन बाइटांत साठवली जाते. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने जुना तक्ता धरला तर त्या दोन बाइटांची दोन वेगळी अक्षरं होतात: नागमोडी रेघेचा कॅपिटल ‘आ’ आणि त्यापुढे अधिक-उण्याचं चिन्ह. रेघ ‘एन’वरून उडून भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. बँकेच्या पत्रांवर, पाकिटांवरच्या पत्त्यांवर स्पॅनिश माणसांनी आपली नावं अशी तुटलेली पाहिली आहेत.

मोबाइलने तर जुनाच प्रसंग पुन्हा उभा केला. एसएमएससाठी युरोपात ठरलेली अक्षरांची यादी १२८ जागांची होती. तिच्यात एन्ये होती, उलटी चिन्हंही होती, पण रेघेच्या लहान स्वरांपैकी ‘ए’ एकटाच होता. बाकीच्या चारांपैकी एकही संदेशात आला की संपूर्ण संदेश सोळा बिटांत जाई आणि १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येई. शंभर अक्षरांच्या निरोपात बाबांच्या ‘आ’वर एक रेघ दिली, की एकाऐवजी दोन संदेशांचे पैसे. स्पॅनिश मुलांनी रेघा टाकणं सोडलं याचा दोष त्यांच्या आळसाला देणारे पुष्कळ होते. या दरपत्रकाकडे फार थोड्यांनी पाहिलं.

आज टिपण्याचे मार्ग भरपूर आहेत. स्पेनच्या आणि लॅटिन अमेरिकेच्या कळफलकांत फरक आहे: रेघेची मृत कळ स्पेनमध्ये एन्येच्या शेजारी, तर मेक्सिकोत वरच्या ओळीत ‘पी’च्या शेजारी. दोन्हीकडे एन्ये मात्र ‘एल’पाशीच. मॅकवर ऑप्शन आणि ‘एन’ दाबून पुन्हा ‘एन’ दाबतात. विंडोजच्या ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ मांडणीत ~ नंतर ‘एन’. फोनवर अक्षर दाबून धरलं की पर्याय वर येतात, आणि रेघा तर बहुतेक वेळा फोन स्वतःच घालतो. २००७ पासून स्पेनच्या डॉट ईएस पत्त्यांतही एन्ये आणि रेघेचे स्वर चालतात.

अडतं ते सरकारी नोंदींत. कॅलिफोर्नियात लक्षावधी स्पॅनिश नावांची माणसं राहतात, पण जन्मदाखल्यावर एन्ये किंवा रेघ देता यावी यासाठी केलेलं विधेयक २०१७ मध्ये तत्कालीन गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी परत पाठवलं. इतर सरकारी नोंदींशी मेळ बसणार नाही, हे कारण दिलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या बेसबॉल लीगमधल्या स्पॅनिश नावांच्या खेळाडूंनी आपल्या सदऱ्यांवर रेघेसकट नाव छापून घ्यायची मोहीम चालवली होती. शिवणाऱ्याला जे जमलं, ते नोंदणी कार्यालयाला जड गेलं.

पासपोर्टचंही तसंच आहे. स्पॅनिश पासपोर्टवर नाव वरच्या बाजूला नीट लिहिलेलं असतं. खालच्या दोन ओळी यंत्राने वाचायच्या असतात आणि त्यांचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते. त्या ओळींत इंग्रजी २६ अक्षरं, अंक आणि एक भरणीचं चिन्ह, एवढंच चालतं. एन्येच्या जागी नुसता ‘एन’ किंवा ‘एन-एक्स-एक्स’ लिहायची परवानगी आहे. पेन्या आडनावाच्या प्रवाशाचं एकाच पानावर दोन तऱ्हांनी नाव असतं, आणि तिकिटावरचं नाव यांपैकी कोणत्याशी जुळायला हवं हे त्याला दरवेळी तपासून घ्यावं लागतं. हे तांत्रिक बंधन आता उरलेलं नाही. युनिकोडच्या जमान्यात त्या ओळींत आणखी अक्षरं घेणं हा केवळ ठरावाचा प्रश्न आहे. १९९३ साली स्पेनने आपल्या दुकानांपुरता तो ठराव केला. विमानतळांसाठी तो अजून व्हायचा आहे, आणि तो मागण्याचा हक्क त्या नावाच्या प्रत्येक माणसाला आहे.